भांडुपच्या पुढची मुंबई

आमच्या कर्जत-खालापूरच्या माणसाला मुंबई दाखवणं आजवर कुणाला जमलेलं नाही, आणि मी उगाच त्या फंदात पडलो. फोर्टातल्या एका कचेरीत नोकरीचं सगळं आयुष्य काढलं, रोज कर्जतहून जाऊन-येऊन. त्यामुळे गावात असा समज झाला की मुंबई ह्याला तोंडपाठ आहे. निवृत्त झालो तरी समज काही निवृत्त झाला नाही. कुणाच्या पोरीचा इंटरव्ह्यू असो, कुणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं असो, निघायच्या आदल्या दिवशी माणूस माझ्या ओट्यावर येऊन बसतो आणि म्हणतो, "उद्या मुंबईला चाललोय. बघायचं काय नि खायचं कुठं, जरा सांग."

मी सांगतो. सांगायला मला आवडतं, हेच तर दुखणं आहे. मासळी खायची असेल तर फोर्टात गल्लीच्या तोंडाशी जुनी खानावळ आहे, दुपारची गर्दी व्हायच्या आत जा, नाहीतर जिन्यावर उभं राहावं लागेल. संग्रहालय सकाळी बघा, शाळांच्या सहली यायच्या आधी. समुद्र बघायचा तर मरीन लाइन्सचा कठडा, तिथे बसायला कुणी पैसे मागत नाही. राणीची बाग बुधवारी बंद असते. हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा बोललो आहे की झोपेतसुद्धा बोलत असेन. आणि आमचे लोक जातात कधी? बुधवारी. बंद फाटकापुढे उभे राहून सहकुटुंब फोटो काढतात, मला पाठवतात आणि खाली लिहितात, "बंद हाय." अरे बाबांनो, मला माहीत आहे बंद आहे!

खाण्याचं तर विचारूच नका. शेजारचं एक जोडपं लग्नाच्या वाढदिवसाला निघालं होतं. मी त्यांना चहा पाजून तीन जागा समजावल्या, कुठे काय मागवायचं, कुठे एसी आहे, कुठे हात धुवायला रांग लागते. संध्याकाळी दोघं परत आली ती खुशीत. "भाकरी नि सुकट बांधून नेली व्हती, ती खाल्ली स्टेशनातल्या बाकड्यावर. मग भूकच नाय लागली," नवरा म्हणाला. वर मलाच सुनावलं, "मुंबईत खायला तसं काय खास नाय." पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

उलट्या दिशेने येणाऱ्यांचा ताप निराळा. शनिवारी मुंबईच्या गाड्या आमच्या नाक्यावर थांबतात, काच खाली होते आणि आतला काळा चष्मा विचारतो, "काका, इथे बघण्यासारखं काय आहे?" मी सांगतो, कोंडाण्याची लेणी बघा, फार जुनी आहेत, कातळात एवढं कोरीव काम आहे की मान दुखेपर्यंत बघाल. "गाडी वरपर्यंत जाते का?" नाही जात, झाडीतून चालावं लागतं. "मग मिसळ कुठे चांगली मिळते?" काच वर. विचारायचं मला आणि करायचं मनाचं, एवढ्या एका बाबतीत शहर आणि गाव अगदी एक आहे.

तर असा मी रोज चिडतो आणि कुणी नवीन येऊन बसलं की पुन्हा खानावळीपासून सुरू करतो. पण गेल्या हिवाळ्यात हाच प्रश्न माझ्या मोठ्या बहिणीने विचारला, आणि माझं चिडणं वेगळ्याच वळणाला गेलं.

ताईला दिलंय साजगावजवळच्या एका खेड्यात. दाजी साजगावच्या एका कारखान्यात शिफ्टला होते, आता घरची भातशेती बघतात. वालाच्या शेंगा भरल्या की ताई पोपटी लावायला, म्हणजे त्या मडक्यात घालून जाळावर भाजायला, मला बोलावते, तसं त्या दिवशी बोलावलं होतं. दाजी अंगणाच्या कडेला मडक्यासाठी काटक्या रचत होते. आम्ही दोघं पडवीत बसून मडक्यात घालायचा भांबुर्डीचा पाला निवडत होतो. ताईने एकदा दाजींकडे बघितलं, ते लांब आहेत याची खात्री केली आणि हळूच म्हणाली, "मला एकदा मुंबईला हाटेलात जेवायचं हाय. खुर्चीवर बसून. आन समुद्र बघायचा हाय, जवळून."

मी म्हटलं, "ताई, तू तर वर्षातून दोनदा मुंबईला जातेस!"

"मी मुंबईला नाय जात," ताई म्हणाली. "मी भांडुपला जाते."

खरंच होतं ते. दाजींचा धाकटा भाऊ भांडुपला राहतो. शेत दोघांचं, कसतात दाजी, तेव्हा भावाच्या हिश्शाचा तांदूळ दर वर्षी भांडुपला पोचता होतो. ताई बरोबर जाते, जावेच्या स्वयंपाकघरात शिरते, पदर खोचते आणि भाकऱ्या थापायला घेते, कारण तिथल्या सगळ्यांना गावच्या हातची भाकरी हवी असते. भाकऱ्या झाल्या, माणसं जेवली, भांडी झाली की परतीची गाडी. लग्न झाल्यापासून तिची मुंबई म्हणजे भांडुपच्या त्या ओट्यासमोरची खिडकी, आणि खिडकीतून दिसते ती दुसऱ्या इमारतीची भिंत.

"मग जाऊ की आता, घाई कसली?" मी म्हटलं.

"सुनेचं एप्रिलात बाळंतपण हाय. एकदा पोर मांडीवर आलं की मी काय हलत नाय. ते शाळंत जाईस्तोवर माझं गुडघं 'नाय' म्हणतील. आता नाय तर कदीच नाय रं."

ताईने माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. राखीपौर्णिमेला ओवाळणी घालायची तरी दोनदा नको म्हणते. तेव्हा हे काम मी मनावर घेतलं. पोपटी खाताना दाजींना सगळं समजावून सांगितलं. सकाळची गाडी पकडा, आधी समुद्र बघा, मग टॅक्सी करून खानावळीत जा, काय मागवायचं ते ताई ठरवेल, निघताना पान खा आणि घरी या. दाजींनी मान डोलावली. दाजी फार सज्जन माणूस. ते कशालाही नाही म्हणत नाहीत, हीच त्यांची मोठी अडचण आहे.

ठरल्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला. दाजींनीच उचलला. "झाली मुंबई!" ते म्हणाले.

"कुठे जेवलात?"

"भांडुपला."

मी कपाळाला हात लावला. "दाजी, भांडुपला कशाला गेलात?"

"अरे, मुंबईला जायचं नि रिकाम्या हातानं? मग तांदूळ घेतला दोन पिशव्या. म्हटलं ठाण्याला गाडी बदलू, पाच मिनटात पिशव्या टाकू नि पुढं जाऊ. पण त्यांनी कोंबडी आणली व्हती. मग जेवल्याबिगर कसं निघायचं?"

"आणि समुद्र?"

"त्यांच्या गच्चीवरून खाडी दिसते ना. लांबवर. तुज्या ताईला दाखवली की."

त्या दिवशी मी घरात इतका ओरडलो की शेजारच्या वाढदिवसवाल्या जोडप्याने खिडकी लावून घेतली. मग ताईशी बोललो. ती काही तक्रार करेना. "किती भाकऱ्या थापल्यास?" मी विचारलं. "मोजल्या नाय," ती म्हणाली. आणि वर मलाच समजावलं, "एप्रिल अजून लांब हाय." तिचं ते 'लांब हाय' ऐकून मला जास्त राग आला. माणसाने एवढं समजूतदार असू नये.

मी ठरवलं, आता आपणच न्यायचं. दाजींना अटी घातल्या. तांदूळ नाही, शेंगा नाहीत, पापड नाहीत, हातात एक पिशवीसुद्धा नाही. ठाण्याला उतरायचं नाही. आणि भांडुपला कळवायचं नाही.

"कळवायचं नाय?" दाजींचा चेहराच पडला. "मुंबईला जाऊन भावाला सांगितलं नाय, असं कसं? उद्या त्याला कळलं तर काय तोंड दाखवू मी?"

"त्याला कोण सांगणार?"

"मीच सांगंन की. आपल्याला लपवता नाय येत."

सज्जन माणसापुढे वाद घालून काही होत नाही. ताई म्हणाली, जाऊ दे, ह्यांना घरी ठेवते. तर दाजी म्हणाले, मला पण समुद्र बघायचाय. शेवटी ते कबूल झाले: नाही कळवत. आम्ही निघालो. ताईने हिरवी नवी साडी नेसली होती आणि हातात खरोखर काही नव्हतं, फक्त एक छोटी पर्स. रिकामे हात कुठे ठेवावेत हे तिला गाडीत बराच वेळ कळत नव्हतं. ठाणं गेलं. भांडुप आलं, तेव्हा दाजी डोळे मिटून बसले. मुलुंड लागलं तेव्हापासूनच मिटले असतील. मला हसू आलं. म्हटलं, जमलं बुवा एकदाचं.

मरीन लाइन्सला कठड्यापाशी पोचलो. ऊन चढलं होतं, भरती होती, पाणी कठड्याखालच्या दगडांवर येऊन आपटत होतं. ताई कठड्याला हात लावून उभी राहिली. म्हणाली, "बरंच हाय रं." मी म्हटलं, हो, बरंच आहे. एवढ्यात माझ्या पाठीमागून हाक आली, "वहिनी!"

दाजींचा भाऊ, त्याची बायको, दोन्ही पोरं आणि बायकोची आई, असं अख्खं भांडुप माझ्यासमोर उभं. भावाच्या हातात चार पुडांचा स्टीलचा डबा, जावेच्या हातात दुसरा, पोराच्या हातात पाण्याची कॅन. मी दाजींकडे बघितलं.

दाजी अगदी शांत होते. "मी कळवायचं नाय म्हणून गप्प व्हतो," ते म्हणाले. "मग सकाळी निघताना वाटलं, फोन करून निदान एवढं तरी सांगू की आमी मरीन लाइन्सला जातोय पण तुमच्याकडं येत नाय. म्हणजे त्याला वाईट वाटायला नको. तर तो म्हणाला, तुमी येत नाय तर आमीच येतो."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांच्या मते सगळ्यांचं मन राखलं गेलं होतं. मला तिथल्या तिथे समुद्रात उडी मारावीशी वाटली. आमच्याकडचा माणूस भावाला फसवू शकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण न फसवता तो समोरच्याचं एवढं वाटोळं करू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग काय, कठड्यावर वर्तमानपत्रं पसरली. डबे उघडले. कोंबडीच्या रश्शाचा वास आला तसे शेजारी बसलेले दोन कॉलेजकुमार उठून लांब जाऊन बसले. मी म्हणत होतो, अहो, आपल्याला हॉटेलात जायचंय, ठरलंय आमचं. कुणी ऐकलं तर शपथ. "हाटेलात काय ठेवलंय?" दाजींचा भाऊ म्हणाला. "तेल कुठलं वापरतात देव जाणे. आन एवढं आणलंय ते काय परत न्यायचं?" जावेची आई म्हणाली, "घरचं ते घरचं." ह्यावर कुणाला काही बोलता येत नाही, म्हणून तर आमच्याकडे हे वाक्य इतकं चालतं.

आणि ताई? कुणी काही न सांगता ताईच्या हातात पळी आली. मी बघतच राहिलो. पुडं कुणी तिच्यापुढे सरकवली नाहीत, तिने ओढलीही नाहीत, पण दोन मिनिटांत ती सगळ्यांच्या पुढे उभी होती आणि वाढत होती. आधी पोरांना, मग दिराला, मग दाजींना, मग मला. समुद्र बघायला मिळावा म्हणून सगळे त्या रुंद कठड्यावर पाण्याकडे तोंड करून मांडी घालून बसले होते. त्यांना वाढायचं म्हणजे वाढणाऱ्याने त्यांच्यासमोर, कठड्याच्या पाण्याकडच्या कडेवर, आमच्याकडे तोंड करून उभं राहणं आलं. ताई त्या कडेवर अंग चोरून उभी होती, आणि तिची पाठ समुद्राकडे होती.

मी ओरडलो. काय काय बोललो ते आता आठवत नाही. तुम्हाला लाज नाही का, असं म्हणालो एवढं नक्की. सगळे जेवता जेवता माझ्याकडे बघायला लागले. दाजींच्या भावाने शांतपणे विचारलं, "ह्यांना ऊन लागलंय काय?" जावेने माझ्या हातावर पाण्याचा पेला ठेवला. एवढा चिडून मी काय मिळवलं, तर पेलाभर पाणी.

तेवढ्यात ताईने पळी उचलली, पदराच्या टोकाने तिचा दांडा पुसला आणि ती जावेच्या हातात दिली.

"घ्या गं तुमी हातानं," ती म्हणाली. "मी येते जेवून."

"जेवून? अगं, इथं तुजा वाटा हाय की," दाजी म्हणाले. त्यांच्या तोंडात घास होता.

"तो तुमी घ्या," ताई म्हणाली. ती रागावलेली नव्हती. पर्स काखेला लावली, चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल रं, कुठं हाय ते तुजं." आणि रस्त्याच्या दिशेने चालायला लागली. मी ताट तसंच टाकून तिच्यामागे धावलो.

खानावळीत दुपारची गर्दी ओसरत आली होती. कोपऱ्यातलं टेबल मिळालं. ताई खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसली, बसमधे कुणी उठवेल अशा बेताने. मग हळूहळू मागे सरकली आणि पाठ टेकली. वेटरने कार्ड दिलं, तिने ते माझ्याकडे दिलं नाही. चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, किमतींना दोन-तीनदा "अगं बाई" म्हणाली आणि सुरमईची थाळी सांगितली. मी पण तीच, असं म्हटलं, तर म्हणाली, "तू दुसरं काय तरी घे, म्हंजे मला चव बघता येईल." मला बरं वाटलं. इतकी वर्षं गावाला सांगत आलो, पण इतका साधा शहाणपणा कुणी दाखवला नव्हता.

थाळ्या आल्या. तळलेला तुकडा, कालवण, सोलकढी, भात आणि तांदळाची भाकरी. ताईने बाकी कशाला हात न लावता आधी भाकरी उचलली, उलटीपालटी करून बघितली. "कडा जाड ठेवल्यात. उकड नीट मळलेली नाय. घाई केलीय कुणीतरी."

"ताई, निदान इथे तरी भाकरीची परीक्षा घेऊ नकोस," मी वैतागून म्हटलं.

तिने तुकडा मोडला. मोडताना बोटं जरा मागे घेतली, फुंकर घातली, मग कालवणात बुडवून खाल्ला. दुसरा मोडला. मग तिसरा, मान वर न करता. मला धाकधूक वाटायला लागली. इतका खटाटोप करून आणलं आणि जेवण आवडलं नाही तर?

"कशी आहे?" मी विचारलं.

"गरम हाय रं," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो, गरमच देतात इथे. आणि पुढचा घास घेता घेता थांबलो. तिच्या घरी तव्यावरची भाकरी पडते दाजींच्या ताटात, पोराच्या, पाहुण्याच्या, माझ्याही. ती थापत असते, आणि थापणारीला मधे उठून जेवता येत नाही. सगळ्यांचं झालं की ती बसते, तेव्हा टोपलीत तळाशी उरते ती निवलेली असते. लग्नाआधी आमच्या घरी चुलीपुढे तीच बसायची. म्हणजे कधीच नाही. एवढ्या आयुष्यात एकदाही नाही.

मला भयंकर राग आला. दाजींचा, त्यांच्या भावाचा, माझा, आमच्या सगळ्या तालुक्याचा. पण त्या रागाचं करायचं काय ते कळेना. मग मी वेटरला हाक मारली आणि सांगितलं, ह्यांना भाकऱ्या एकदम आणून ठेवू नकोस, हातातली संपली की दुसरी आण, थेट तव्यावरची.

"किती खाऊ रं मी?" ताई म्हणाली.

"हवी तेवढी खा."

पर्समधे तिचा फोन वाजायला लागला. दाजींचा होता. तिने तो काढून बघितला, टेबलावर पालथा ठेवला, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत पुढच्या भाकरीची वाट बघत बसली.